दिवसातून दोनदा मैदान

सर,

मायना लिहीत नाही. 'सादर प्रणाम' वगैरे लिहिलं की तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचारायचात, "काय हवंय?" तर हवंय असं आहे. उद्या सकाळी नऊच्या ओहोटीला मला आपल्या किनाऱ्यावर, कॅमेऱ्यासमोर, वाळूत फुटबॉलचं मैदान आखून दाखवायचं आहे. मी पूर्वी चार वर्षं रोज आखत होतो तसंच. अडचण एवढीच की मी आयुष्यात एकदाही मैदान आखलेलं नाही. ही गोष्ट फक्त मला ठाऊक आहे, आणि माझा तर्क बरोबर असेल तर तुम्हाला.

ज्या मुलीसाठी हा घाट घातला आहे, ती कोळीवाड्यातली. तुम्ही गेलात त्यानंतर सात वर्षांनी जन्मली, म्हणजे तुमची-तिची ओळख असण्याचं कारण नाही. आज ती देशाच्या संघातून खेळते. मधल्या फळीत, उजव्या अंगाला. टीव्हीवर तिचं गाव सांगताना समालोचकाची जीभ दर वेळी जराशी अडखळते, कारण फुटबॉल म्हटला की माणसं गोव्याकडे बघतात, केरळकडे बघतात, बंगालकडे बघतात, आपल्या राज्यात फार तर कोल्हापूरकडे. रायगडकडे बघतात ती शनिवार-रविवारी, पापलेटच्या ताटासाठी. ताटात फुटबॉलपटू निघेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. माझीही नव्हती, हे आत्ताच सांगून टाकतो.

तुमची होती का? मला आठवतं तसं तुम्हाला खरं तर संस्कृतचीच काळजी होती. कोळीवाड्यातली मुलं तासाला बसत नाहीत म्हणून तुम्ही कुठून तरी एक चामड्याचा चेंडू पैदा केलात आणि जाहीर केलंत, जो शब्द चालवून दाखवील त्याला चेंडूला पाय लावायला मिळेल. देव चालवला की एक लाथ. नदी चालवली की दोन, कारण स्त्रीलिंग अवघड. सहा महिन्यांत कोळीवाड्यातली पोरं होडी ओढताना विभक्त्या म्हणायला लागली आणि त्यांच्या आया काळजीत पडल्या. शाळेला मैदान नव्हतं, शाळेमागे नारळी-पोफळीची वाडी आणि पुढे समुद्र. तेव्हा समुद्र मागे गेला की जी ओली घट्ट वाळू उघडी पडते, तेच मैदान. लहानपणी पोफळीवरून पडून तुमचा डावा पाय कायमचा अधू झाला होता. तो ओढत ओढत तुम्ही सुरूच्या झाडांखालून निघायचात, कोपऱ्यावर वळून पाण्याकडे उतरायचात, आणि पुरा चौकोन फिरून परत यायचात. मागे मैदान आखलेलं असायचं. डावीकडे सलग ओढलेली रुंद रेघ, तिच्या उजव्या अंगाला एकेक सुटं पाऊल. मधेच कुठे तरी दम खायला थांबायचात, तिथे रेघ खोल व्हायची. फुटपट्टी घेऊनही कोणी मारली नसती इतकी सरळ रेघ तुम्ही त्या वाकड्या पायानं मारायचात, आणि आम्ही त्याला हसायचो. मीही.

मी चष्मेवाला, जाडा, चेंडूला उपयोग नसलेला. म्हणून तुम्ही मला वेळेचं खातं दिलंत. तुमच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून, काकू तव्यावर घावन टाकतायत आणि तुम्ही मला समुद्र शिकवताय, हे मला आजही तव्याच्या आवाजासकट दिसतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. त्यात सहा मिळवायचे, की ओहोटीची. अष्टमीला पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला, ओहोटी बाराला. "सहा मिळवायला विसरू नकोस," तुम्ही म्हणताय, "नाहीतर मैदान मागशील आणि समुद्र मिळेल." काकू म्हणतायत, "आधी खाऊ द्या त्याला, समुद्र काही पळून जात नाही." आणि तुम्ही म्हणताय, "अगं, तेवढंच तर तो करतो दिवसातून दोनदा." दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या व्हरांड्यातल्या छोट्या फळ्यावर खडूनं ओहोटीची वेळ लिहायचं काम माझ्याकडे आलं. नुसता आकडा. तुम्ही सकाळी फळा वाचायचात आणि त्या वेळेच्या आधी खाली उतरायचात. मला कधी विचारलं नाहीत, बरोबर आहे ना म्हणून. माझ्यावर त्यानंतर तसा विश्वास कोणी टाकलेला नाही, आणि बायकोला हे मी सांगितलेलंही आहे.

एकदाच चुकलो. पंचांगात कधी कधी एकच तिथी दोन दिवस असते. त्या दिवशी पंचांग उघडायचा कंटाळा केला, बोटांवर मोजलं, एक दिवस पुढे गेलो आणि वेळ पाऊण तास उशिराची लिहिली. उधाणाचे दिवस. खेळ रंगात आला आणि पाणी गुडघ्याला लागलं, चेंडू तरंगत निघाला, पाचवीतली पोरं रडायला लागली. तुम्ही अधू पाय टाकत एकेकाला वर काढलंत, तेव्हा पाणी तुमच्या कमरेला होतं. मी मार खायच्या तयारीनं उभा होतो. तुम्ही धोतर पिळत म्हणालात, "पंडित, चूक करायचीच तर व्याकरणात करत जा. व्याकरणाच्या चुकीनं कोणी बुडत नाही." एवढंच. मार खाल्ला असता तर विसरलो असतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्याला एम.ए. करत होतो. अंथरुणात, झोपेत, काही न बोलता गेलात असं काकूंनी कळवलं. काही न बोलता, हे तुमच्या बाबतीत मला फार दिवस खोटं वाटत राहिलं. मग काही वर्षं पुण्यातच शिकवून मी तुमच्याच शाळेत, तुमच्याच जागेवर लागलो, आणि पहिल्या दिवशी व्हरांड्यात तो छोटा फळा दिसला तेव्हा खिशातल्या खडूनं ओहोटीची वेळ लिहून टाकली. सवय. दुसऱ्या दिवशीही लिहिली. मुख्याध्यापकांनी विचारलं, हे काय, मी म्हटलं, परंपरा. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की चौकशी थांबते. बारा वर्षं मी ती वेळ लिहीत होतो आणि ती कोणीही वाचत नव्हतं. असं मी समजत होतो.

ती सातवीत होती. दोन दिवस तासाला दिसली नाही म्हणून चौकशीला कोळीवाड्यात गेलो. तिची आई सुकट पसरत होती. "मास्तर, पोर कुठं हाय ते मला काय विचारता? पाण्याकडं बघा. बॉल घेऊन जाते. एकलीच खेलते नि एकलीच बोलते. तिच्या पायाला काय लागलंय देव जाणे." मी खाली उतरलो. अकरा वाजत आले होते, ओहोटी पुरी झालेली. सुरूच्या झाडांखालून बघतो तो वाळूवर आखलेलं मैदान, आणि त्यात ती एकटी चेंडू घेऊन पळतेय. मला बघून थांबली.

"थँक्यू हां सर."

"कशाबद्दल?"

"मैदानाबद्दल. मी फळा बघून येते. येते तेव्हा तुम्ही आखून गेलेले असता."

मी खाली बघितलं. डावीकडे सलग ओढलेली रुंद रेघ, उजवीकडे सुटी पावलं. कडा अजून ओल्या, ढासळलेल्या नव्हत्या. गावात पाय ओढत चालणारा एकच म्हातारा होता, आणि तो दोन वर्षांपूर्वीच मुलाकडे डोंबिवलीला गेलेला. भर उन्हात माझ्या हाताचे केस उभे राहिले, सर. आणि अशा वेळी विद्वान माणूस जे करतो तेच मी केलं. म्हणालो, "हं."

"पण रेघ मारताना तुम्ही पाय का ओढता?"

"रेघ जाड येते."

या तीन शब्दांवर माझी सगळी कीर्ती उभी आहे.

त्यानंतर चार वर्षं, पावसाळा सोडून, हे रोज चाललं. मी फळ्यावर आकडा लिहायचो. त्या वेळेला खाली उतरलो की मैदान तयार. एकदा अर्धा तास लवकर गेलो, तरी तयार. रेघेत तेव्हा पाणी झिरपत होतं, म्हणजे नुकतीच मारलेली. त्याहून लवकर जायचं धाडस मला झालं नाही. धुरावरून अग्नीचं अनुमान मी दरवर्षी मुलांना शिकवतो, पण रेघेवरून पायाचं अनुमान निघालं तर पुढे काय करायचं, हे तुम्हीही शिकवलं नव्हतंत. भरतीचं पाणी येऊन सगळं पुसून जायचं आणि मी घरी येऊन भात-आमटी जेवायचो. माणूस कशालाही सरावतो, भीतीला तर फार लवकर.

तिला भीती नव्हती, कारण तिच्या लेखी तो मीच होतो. एक दिवस म्हणाली, "सर, तुम्ही रेघेत मधे मधे खोल जागा करून ठेवता ना, त्या मला कळल्या." मी पुन्हा हं म्हटलं. "तिथं उभं राहिलं की अख्खं मैदान दिसतं. कुठं मोकळं आहे, कुठं भरत येतंय, सगळं. मी आता तिथूनच वळते." तुम्ही दम खायला थांबायचात, सर. आम्हाला तीस वर्षांत कळलं नाही की तुम्ही थांबून बघतही होतात.

शिवाय तिचं मैदान दर मिनिटाला लहान व्हायचं. पाणी उजव्या बाजूनं यायचं आणि ती उजव्या बाजूलाच खेळायची, वावभर जागेत, मग हातभर जागेत, मग घोट्याएवढ्या पाण्यात. जिल्ह्याच्या वरच्या निवडीला मी तिला घेऊन गेलो. आपल्याकडून फेरीनं खाडी ओलांडून, आगरदांड्याहून एस.टी.नं. टेबलावरच्या गृहस्थांनी यादीवरून मान वर न करता विचारलं, "रायगड? तिकडे मुली फुटबॉल खेळतात?"

"एक खेळते," मी म्हटलं.

"मैदान तरी आहे का?"

"हाय ना," तीच म्हणाली. "दिवसातून दोनदा."

"म्हणजे?"

"बाकीच्या वेळी समुद्र असतो."

टेबलावरचे सगळे हसले. पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेला माणूसही हसला. मग ती खेळली. तीन मुलींनी तिला कोपऱ्यात कोंडलं, रेघेला चिकटून, जिथून कोणी निघत नाही. ती क्षणभर थांबली, मान वर केली आणि त्या तिघींमधून अशी निघाली की जणू तिला अजून बरीच जागा शिल्लक होती. गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे तुम्ही शिकवलंत?" मी नम्रपणे वाळूकडे बघावं तसं खाली बघितलं. तिथे वाळू नव्हती, फरशी होती.

तिची निवड झाली. मुक्कामी प्रशिक्षण, लांबच्या शहरात. सोमवारी निघायचं ठरलं. आदल्या रविवारी द्वितीया होती. द्वितीयेची पाऊणपट दीड. भरती दीडला, ओहोटी साडेसातला. आणि मी फळ्यावर लिहिलं 'दीड'. सहा मिळवले नाहीत. निघायच्या गडबडीत असेल, तिचे दाखले, अर्ज, मुख्याध्यापकांची सही. असं होतं कधी कधी.

ती घरी बांधाबांध करत होती. दुपारी दोनच्या सुमाराला मी एकटाच किनाऱ्यावर गेलो. समुद्र पुरा भरलेला, सुरूच्या मुळांपर्यंत फेस. झाडांखाली कोरड्या वाळूची एक पट्टी तेवढी उरली होती आणि तिच्यावर ती रेघ होती. डावीकडे ओढलेली, उजवीकडे सुटी पावलं, नेहमीसारखी सरळ. कोपऱ्यापाशी ती नेहमीसारखी वळली होती आणि नेहमीसारखी उतारानं खाली गेली होती, पाण्यात. कुठे अडखळलेली नाही, थांबल्याची खोल जागा नाही. ज्यानं मारली त्यानं समोर समुद्र आहे हे बघितलंच नव्हतं, किंवा बघूनही फळ्यावरच विश्वास ठेवला होता. मी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. परत वर येणारी पावलं नव्हती. पाणी उतरेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. साडेसातला अंधारात वाळू उघडी पडली, सपाट, धुतलेल्या पाटीसारखी.

सोमवारी ती गेली. त्यानंतर आजतागायत वाळूवर रेघ उठलेली नाही. मी फळ्यावर रोज वेळ लिहितो, दोनदा पडताळून. ज्या मुलीसाठी मैदान होतं ती गेली म्हणून ते थांबलं, असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष असा की, जे थांबलं ते मी थांबवलं. सात वर्षं हे दोन पक्ष माझ्या डोक्यात वाद घालतायत आणि मध्यस्थ कोणी नाही.

इकडे ती मोठी होत गेली. राज्याच्या संघात गेली, मग देशाच्या. परदेशातल्या तिच्या पहिल्या सामन्याला अख्खा कोळीवाडा शाळेच्या टीव्हीसमोर बसला होता. खेळ सुरू व्हायच्या आधी ती कोपऱ्यातल्या निशाणापासून चार पावलं डावा पाय ओढत चालली. समालोचक म्हणाला, ही तिची काही तरी श्रद्धा असावी. तिची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, तुमच्यासारखी चालते बगा." मी तसा कधीच चाललेलो नाही, पण ते आता कोणाला पटवणार? मुलाखतीत तिला विचारलं, पहिला प्रशिक्षक कोण. "आमचे संस्कृतचे सर. मी यायच्या आधी रोज मैदान आखून ठेवायचे. खेळायचं कसं हे त्या रेघेनंच शिकवलं." मग माझा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला. नारळ आपल्याच वाडीतला होता, मी ओळखला. शाल कपाटात आहे. पांघरली की गार लागते.

परवा तिचा फोन आला. "सर, चतुर्थीला येतेय. ओहोटी नऊला ना? मी पाऊणपट करून बघितली." सोबत एका वाहिनीची माणसं आहेत, तिच्या गावावर काही तरी करतायत. "त्यांना फार काही नको सर. तुम्ही रेघ मारायची, मी मागून चालणार. तेवढंच." मग म्हणाली, "खरं सांगू? त्यांच्यासाठी नाही. मलाच बघायचीय. चार वर्षांत मी तुम्हाला रेघ मारताना एकदाही बघितलं नाही."

म्हणून आज दुपारच्या सुट्टीत वाडीच्या मागे, जिथे कोणी येत नाही, मी पाय ओढून बघितला. बारा पावलांत रेघ दोनदा वाकडी झाली आणि गुडघा दुखायला लागला. ती क्षणात ओळखील. तिला त्या रेघेची प्रत्येक खोल जागा पाठ आहे. मग असं ठरवलंय. उद्या नऊला मी पाय न ओढता, माझ्या नेहमीच्या चालीनं खाली उतरणार. रेघ आधीच मारलेली असली तर कॅमेऱ्यासमोर सांगणार की ही माझी नाही, आणि कोणाची ते तिला सांगणार. शाळेतल्या जुन्या फोटोत तुम्ही आहात, कडेला, एका पायावर भार टाकून उभे. आणि रेघ नसली, तर ती का नाही, हेही तिलाच सांगावं लागेल. ते जास्त अवघड आहे, म्हणून त्याची उजळणी आधी इथे करतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. त्या वर्षीचं पंचांग मी जपून ठेवलंय, त्यात त्या द्वितीयेच्या पानावर ठेवीन. आत्ता शाळेतून येताना फळ्यावर 'नऊ' लिहून आलो. तिथी पंचांगात बघून, पाऊणपट कागदावर करून, सहा मिळवून. मग थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, कोणी वाचतंय का ते बघत.

त्या रविवारचं मी वर गडबडीत झालं असं लिहिलंय. तिचे दाखले शनिवारीच तयार होते, सर. बारा वर्षं मी फळा लिहिला तेव्हा माझ्यासाठी वाळूवर एक टिंबसुद्धा उठलं नाही, आणि तिच्यासाठी रोज पुरं मैदान. वाचणारे तुम्हीच आहात का, एवढंच मला बघायचं होतं. सहा मिळवायला मी विसरलो नव्हतो.